जबडा सरळ करणे : निर्मितीत बदल की उपचार?



दोन वर्षांपूर्वी खारघरमध्ये इशाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी थांबला. त्याचा खालचा जबडा वरच्या जबड्याच्या बराच पुढे आलेला होता. शस्त्रक्रिया करून तो मागे घेता येतो, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. ‘‘मौलाना, हे जायज आहे का?’’ एवढेच त्याने विचारले. मी घाईत होतो. ‘‘अल्लाहने जसे घडवले तसे स्वीकारावे, बाळा. सबर कर,’’ असे म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेलो. तो काही बोलला नाही.

गेल्या वर्षी रमजानपूर्वी तरावीहसाठी हाफिजांची निवड करताना त्याचे नाव पुढे आले, तेव्हा त्याने नकार दिला. कारण विचारले तर म्हणाला, ‘‘माझे समोरचे दात एकमेकांना लागत नाहीत. सीन आणि साद नीट निघत नाहीत. फा म्हणताना वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकायला हवेत, ते टेकत नाहीत. मी भाकरीचा तुकडा दातांनी तोडू शकत नाही, हाताने तोडून दाढेखाली ठेवतो. लोकांना वाटते, मला फोटोसाठी ऑपरेशन हवे आहे.’’

त्या रात्री मला माझ्या उत्तराची लाज वाटली. माझ्या तोंडचा ‘सबर’ हा शब्द योग्य होता, परंतु तो मी विचार न करता वापरला होता. प्रश्न काय आहे हे समजून घेण्यापूर्वी उत्तर देणे हा विद्येचा अवमान आहे. हा लेख एका अर्थी त्या तरुणाला दिलेले दुसरे उत्तर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या असा प्रश्न येणार आहे, म्हणून तो आपल्यासमोर मांडतो. आपल्या खारघरमध्येच दंतवैद्यक महाविद्यालय आहे, शेजारी कामोठे आणि नेरूळ येथेही आहेत. पूर्वी ज्या व्यंगासह माणसे आयुष्य काढीत, त्यावरचा उपाय आता रिक्षाच्या अंतरावर आला आहे.

सबर म्हणजे काय?

प्रथम माझ्या स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करतो. सबर म्हणजे उपचार न करणे नव्हे. कुरआनमध्ये सबरचा आदर्श म्हणून हजरत अय्यूब (अलै.) यांचा उल्लेख येतो. त्यांनी आपल्या त्रासाचे गाऱ्हाणे अल्लाहसमोर मांडले (२१:८३), आणि अल्लाहने त्यांना जमिनीवर पाय मारण्यास सांगितले; तेथून स्नानासाठी व पिण्यासाठी थंड पाणी निघाले (३८:४२). अल्लाह पाण्याशिवायही त्यांना बरे करू शकला असता. तरी पाय हलवण्याची आज्ञा झाली आणि पाणी वापरण्यास दिले गेले. सबर करणाऱ्या पैगंबरांनाही साधनाचा मार्ग दाखवला गेला, हे आपण ध्यानात घ्यावे.

खेड्यापाड्यांतून आलेल्या अरबांनी औषधोपचाराबद्दल विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले, आणि वार्धक्य वगळता प्रत्येक रोगावर अल्लाहने औषध ठेवले आहे असे स्पष्ट केले. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदवली आहे. यावरून सबर आणि उपचार हे परस्परांचे शत्रू नाहीत, हे उघड आहे. उपचार उपलब्ध होईपर्यंत, उपचार सुरू असताना आणि उपचार अपुरा ठरला तर त्यानंतरही सबर करायचा असतो.

‘निर्मितीत बदल’ हा आक्षेप

तरीही एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो मांडणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण हसून उडवून लावू नये. त्या तरुणाच्या आजोबांनी तो मांडला होता. सूरह अन-निसामध्ये (४:११९) सैतानाचे आव्हान आले आहे की तो माणसांना अल्लाहच्या निर्मितीत बदल करण्यास प्रवृत्त करील. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील कथनात सौंदर्यासाठी दातांमध्ये फटी करवून घेणाऱ्यांचा निषेध आहे. मग जबड्याचे हाड कापून सरकवणे हे त्याहून मोठे कृत्य नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर त्याच हदीसच्या शब्दांत आहे. तेथे ‘सौंदर्यासाठी’ ही अट स्पष्टपणे आली आहे. इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी सहीह मुस्लिमच्या विवरणात याच शब्दावर बोट ठेवले आहे. सौंदर्याच्या हव्यासाने केलेले ते निषिद्ध. परंतु उपचारासाठी किंवा दातातील दोष दूर करण्यासाठी गरज पडली, तर हरकत नाही, असा त्यांचा आशय आहे. या बाबतीत अत्यंत कठोर मत असलेल्या इमाम तबरी (मृत्यू ९२३) यांनीही एक अपवाद सोडला आहे. जो जादा किंवा लांब दात खाण्यात अडथळा आणतो वा वेदना देतो, तो काढण्यास त्यांची हरकत नाही. वाचकहो, सर्वांत कडक मत मांडणाऱ्या विद्वानानेसुद्धा घासाचा विचार केला आहे. भाकरी तोडता न येणाऱ्या मुलाला मी तेवढाही विचार दिला नव्हता.

आता एक पाऊल पुढे जाऊ. खाणे आणि बोलणे यांत अडचण असेल तर उपचार जायज, हे ठरले. परंतु केवळ चेहऱ्यावरील व्यंगामुळे होणारा मनस्ताप हा ‘त्रास’ मानायचा की नाही? येथे हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचा प्रसंग मार्गदर्शक आहे. इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या युद्धात त्यांचे नाक तुटले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक लावण्यास सांगितले. पुरुषांसाठी सोने एरवी वर्ज्य आहे. आणि धातूचे नाक वास घेत नाही. ते मुख्यतः चेहऱ्यासाठीच असते, माणसाने चारचौघांत मान वर करून बसावे यासाठी असते. त्या मान वर करण्याला प्रेषितांनी (स.) इतके मोल दिले की एक निषिद्ध धातू मोकळा झाला.

कोणी म्हणेल, अरफजा (रजि.) यांचे नाक तुटले होते, ते पूर्ववत केले गेले, जन्मतः असलेल्या व्यंगाचे काय? या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ साली मलेशियातील पुत्राजाया येथे भरलेल्या अठराव्या अधिवेशनात विचार केला. दुभंगलेला ओठ, फार वाकडे नाक, जादा बोटे वा दात अशी जन्मजात व्यंगे शारीरिक किंवा मानसिक त्रास देत असतील, तर ती दुरुस्त करणे जायज आहे, असा तिचा निर्णय आहे. केवळ हौसेखातर चांगला-भला चेहरा बदलणे मात्र तिने नाकारले. महाराष्ट्राला ठाऊक असलेले डॉ. शरदकुमार दीक्षित (१९३०–२०११) अमेरिकेतून दरवर्षी येऊन दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. त्यांना २००१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या शिबिराबाहेर रांगेत बसलेल्या आयांना सौंदर्याचा हव्यास होता, असे कोण म्हणेल?

पट्टी कशाची?

आता त्या कुटुंबाचा दुसरा प्रश्न. या शस्त्रक्रियेत तोंडाच्या आतूनच जबड्याचे हाड ठरलेल्या जागी कापतात, योग्य जागी सरकवतात आणि छोट्या पट्ट्या व स्क्रू लावून स्थिर करतात. त्याआधी साधारण वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावून तयारी करावी लागते, आणि बहुधा हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. पट्ट्या सहसा टायटॅनियमच्या असतात. दुसरा पर्याय शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या पट्ट्यांचा. ‘‘विरघळून रक्तात काय जाणार? ते कशापासून बनवलेले आहे?’’ असे आजोबांनी विचारले. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. खाण्यात हलाल-हराम पाहणाऱ्या माणसाने हाडात बसणाऱ्या वस्तूबद्दलही विचारावे, हे योग्यच आहे.

विरघळणाऱ्या पट्ट्या बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाच्या असतात; कधी त्यात पॉलिग्लायकोलिक आम्ल किंवा हाडातील खनिजासारखे हायड्रॉक्सिॲपेटाइट मिसळतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे तेच, जे आपल्या घरच्या दह्याला आंबटपणा देते. मक्याच्या पिष्टापासून किंवा साखरेपासून जिवाणूंच्या साहाय्याने ते मोठ्या प्रमाणावर तयार करतात. त्याच्या कणांची लांब साखळी केली की कठीण पदार्थ बनतो. शरीरातील पाणी ही साखळी कण-कण तोडते. शेवटी उरलेले लॅक्टिक आम्ल शरीर नेहमीच्या अन्नाप्रमाणे वापरते, आणि कर्बवायू व पाणी होऊन ते बाहेर पडते. पदार्थाच्या मिश्रणानुसार याला सुमारे वर्षभरापासून कित्येक वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत हाड स्वतः जुळून भक्कम झालेले असते.

ही कल्पना नवी असली तरी तिचे मूळ जुने आहे. कुर्तुबा येथील शल्यविशारद अल-जहरावी (मृत्यू सुमारे १०१३) यांनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत लिहून ठेवली आणि शरीराच्या आतील जखमेसाठी प्राण्याच्या आतड्याचा धागा वापरला. असा धागा शरीरात आपोआप विरून जातो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा शल्यक्रियेतील उपयोग १९६६ साली अमेरिकेत आर. के. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. आपल्या शेजारपाजारच्या दारांवरच्या पाट्यांत हे आडनाव रोज दिसते, म्हणून मुद्दाम नोंदवतो. १९८७ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे १० रुग्णांच्या गालाच्या मोडलेल्या हाडांना अशा पट्ट्या लावल्याचा अनुभव प्रसिद्ध झाला. सुरुवातीचा परिणाम उत्तम होता. परंतु सुमारे तीन वर्षांनी काहींना त्या जागी सूज आली. पट्टी विरायला अपेक्षेहून अधिक काळ लागत होता. त्यानंतर मिश्रणे बदलली गेली, सुधारणा झाल्या. अशा पट्ट्या आजही टायटॅनियमच्या तुलनेत कमी ताकदीच्या, जाडसर आणि बहुधा महाग असतात. म्हणून ‘विरघळणारी ती श्रेष्ठ’ असे आपण मनाने ठरवू नये. कोणाच्या जबड्यावर किती ताण येईल, हे जाणकार डॉक्टरच सांगू शकतील. कुरआनने ठाऊक नसलेले जाणकारांना विचारण्याची आज्ञा दिली आहे (१६:४३).

धार्मिक बाजूने पाहता टायटॅनियम हा शुद्ध धातू आहे, आणि वनस्पतिजन्य लॅक्टिक आम्लाच्या पट्टीतही निषिद्ध असे काही नाही. खरा प्रश्न निराळ्या वस्तूंचा आहे. सरकवलेल्या हाडांत पोकळी राहिली तर ती भरण्यासाठी कधी स्वतःच्याच कमरेचे हाड घेतात, कधी गाईच्या हाडातील खनिज, कधी दान केलेले मानवी हाड, आणि त्यावर झाकण्यासाठी कधी कोलॅजनचा पापुद्रा वापरतात. असा पापुद्रा डुकरापासून बनवलेलाही असतो. ही बाब रुग्णाला आपणहून सांगितली जातेच असे नाही. ती विचारावी लागते.

आपल्या पूर्वसूरींनी या प्रश्नावर शतकांपूर्वी विचार करून ठेवला आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांच्या फिक्हमधील ‘मिन्हाज’ या ग्रंथात इमाम नववी यांनी मोडलेल्या हाडाला दुसरे हाड जोडण्याचा प्रश्न घेतला आहे. पाक वस्तू मिळत नसल्यामुळे नापाक हाड जोडले, तर तो माणूस क्षम्य आहे. पाक वस्तू असताना नापाक वापरले, तर ते काढले पाहिजे. मात्र काढल्याने स्पष्ट अपाय होण्याची भीती नसेल तरच. हनफी बांधवांसाठी औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या ‘फतावा आलमगिरी’मध्ये उपचारासाठी प्राण्यांच्या हाडांचा वापर मान्य केला आहे, डुकराचे व माणसाचे हाड मात्र वगळले आहे. डुकराचे ते अपवित्र म्हणून, आणि माणसाचे ते आदरणीय म्हणून. मानवी अवयवांबाबत आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८८ साली संमती व खरी गरज या अटींवर सवलत दिली. आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात याच वर्षी ऊतिपेढी सुरू झाली, जेथे दान केलेल्या हाडांवर प्रक्रिया होते. योगायोग म्हणा, परंतु शास्त्र आणि शरीअत एकाच वेळी एकाच दारात उभी होती.

या सर्वांतून एक साधा क्रम हाती येतो. आधी स्वतःचे हाड किंवा निर्जीव पाक पदार्थ. ते शक्य नसेल तर हलाल प्राण्याचे. त्यापुढचा पर्याय केवळ गरजेपोटी आणि आपल्या आलिमांना विचारून. आणि नकळत काही बसवले गेले असेल तर मनात घोर लावून घेऊ नये. आत बसलेल्या पट्टीमुळे वुजू वा गुस्लमध्ये बाधा येत नाही. मृत्यूनंतर ती काढण्याचीही गरज नाही. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे, हा हदीसचा आशय आपण जाणतोच.

मर्यादा कोठे?

आता सर्वांत अवघड भाग. दार उघडले की त्यातून अनेकजण शिरू पाहतात. मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या नटासारखी हनुवटी हवी, म्हणून हाड कापून घेणारेही आहेत. त्यांच्यात आणि आपल्या तरुणात फरक कसा करायचा? हेतू तर मनात असतो, आणि मन अल्लाहखेरीज कोणाला दिसत नाही.

मला एक कसोटी सुचते. ही शस्त्रक्रिया मला सर्वसामान्य माणसांच्या पंक्तीत आणून बसवते आहे, की त्या पंक्तीतून उठवून वर उभे करते आहे? अल्लाहने माणसाला उत्तम घडणीचा म्हटले आहे (९५:४). त्या सर्वसाधारण घडणीकडे परत नेणे हा उपचार. त्या घडणीलाच अपुरी समजून तिच्यावर मात करू पाहणे हा अहंकार. दुसरी कसोटी अशी की, एखाद्या निर्जन बेटावर, जेथे पाहणारे कोणी नाही, तेथेही मला हा उपचार हवासा वाटेल काय? त्या तरुणाला तेथेही भाकरी तोडायची होती आणि तेथेही त्याला कुरआन पढायचे होते. ही दुसरी कसोटी मात्र अंतिम नाही, कारण माणूस बेटावर राहत नाही. अरफजा (रजि.) यांचे नाकही बेटावर निरुपयोगीच ठरले असते.

आणि म्हणूनच या प्रश्नाचा अर्धा भाग रुग्णाचा नसून आपला आहे. हजरत जुलैबीब (रजि.) हे रूपाने डावे होते, आणि लोक त्यांना मुलगी देण्यास तयार नव्हते. प्रेषितांनी (स.) त्यांना चेहरा बदलण्यास सांगितले नाही, त्यांनी स्वतः मदीनेतील एका घरी जाऊन त्यांच्यासाठी मागणी घातली. पुढे ते शहीद झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्या हातांवर उचलून घेतले. काही वेळा चेहरा नव्हे, समाज दुरुस्त करावा लागतो. कोणाची थट्टा करू नये, टोपणनावे ठेवू नयेत, ही सूरह अल-हुजुरातची (४९:११) आज्ञा आपण किती पाळतो? ‘‘पोरगी चांगली आहे, पण दात...’’ हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले गेले नाही? ज्या मुलीवर आपल्या शब्दांनी शस्त्रक्रियेची सक्ती होते, तिच्या वेदनेचा हिशोब आपल्या खात्यात मांडला जाईल, याचे भय बाळगावे.

अल्लाह रूपाकडे व संपत्तीकडे नव्हे, तर अंतःकरणाकडे व कर्मांकडे पाहतो, ही सहीह मुस्लिममधील शिकवण आहे. मी ती पूर्वी उपचार टाळण्याचे कारण म्हणून सांगत असे. आता मला वाटते, ती रुग्णासाठी नसून पाहणाऱ्यांसाठी आहे. अल्लाह जसा पाहतो तसे पाहण्याचा प्रयत्न आपण करावा, हा तिचा अर्थ.

त्यानंतर

त्या तरुणाची शस्त्रक्रिया पार पडली. डॉक्टरांनी वरच्या जबड्याला विरघळणाऱ्या आणि अधिक ताण येणाऱ्या खालच्या जबड्याला टायटॅनियमच्या पट्ट्या लावल्या. आजोबांनी प्रत्येक वस्तूचे मूळ विचारून घेतले होते, आणि डॉक्टरांनी न रागावता सांगितले होते. कित्येक आठवडे तो पातळ अन्नावर राहिला. त्याचा खालचा ओठ काही महिने बधिर होता. अशा शस्त्रक्रियेत मज्जातंतूला धक्का लागून असे होऊ शकते, आणि क्वचित ते कायमचेही राहते, हे त्याला आधी सांगितलेले होते. उच्चारही आपोआप सुधारले नाहीत. जिभेला जुनी सवय होती. रोज फजरनंतर आम्ही दोघे एकेक अक्षर घेऊन बसतो. सीन आता बराच स्वच्छ निघतो. साद अजून बाकी आहे.

आपल्या खारघरमध्ये सतत कोठे ना कोठे स्लॅब पडत असतो. स्लॅबखाली सेंटरिंग लावतात, आणि काँक्रीट पक्के झाले की ते काढून नेतात. ते फार लवकर काढले तर छत कोसळते. कायमचे ठेवले तर घरात राहता येत नाही. हाडातली ती पट्टी तसेच करते. शिकवणाऱ्यानेही तसेच करावे, असे मला वाटते. त्या मुलाला दोन वर्षांपूर्वी आधाराची गरज होती तेव्हा मी केवळ उपदेश देऊन निघून गेलो होतो. आता बसलो आहे, त्याचा साद पक्का होईपर्यंत.

अल्लाह आपल्या सर्वांना रोगांपासून शिफा देवो, उत्तर देण्याआधी प्रश्न ऐकण्याची सद्बुद्धी देवो, आणि एकमेकांच्या चेहऱ्यांकडे दयेने पाहणारी दृष्टी देवो. आमीन.